कमरेइतकं शटर

शर्टाचं बटण तुटतं ते बहुधा वरून दुसरं.

एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन भाऊ, एकाच काउंटरमागे, एकाच भांड्यातलं पाणी पिताना.

हेल्मेट घातलेल्या माणसाचं वय सांगता येत नाही.

"पायावर मारायला काय झालं होतं?"

टाळ्या. आधी बूटवाल्याच्या गॅलरीतून, मग रस्ताभर.

*

हे सगळं एका बटणांच्या दुकानातलं आणि त्याच्या आसपासचं. बटणं, चेन, हुक, लेस, रंगीत दोरे. वडील गेल्यापासून गल्ल्यावर मुलगी बसायची. तिला सगळा रस्ता मावशी म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

त्या रस्त्याची एक जुनी रीत होती. कुठे मारामारी पेटली, दगड सुटले, की शटर ओढायचं, पण कमरेइतकंच. खाली वाकून आत शिरता येईल एवढी जागा ठेवायची. पळत येणारा कुणाचाही असो, आत घ्यायचा आणि पाणी द्यायचं. नाव विचारायचं नाही. "नाव विचारलं की पाहुणचार वाढतो," असं मावशीचे वडील म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ते दोन भाऊ मावशीला अजून डोळ्यांसमोर दिसत. ती तेव्हा शाळेत जायची. बापाच्या घरावरून दोघं भर रस्त्यात जुंपले, लोक मध्ये पडले, आणि दोघंही दोन बाजूंनी पळत येऊन एकाच शटरखालून आत घुसले. आत पुन्हा झोंबाझोंबी. बटणांचा सगळा खण जमिनीवर. वडिलांनी आवाजही चढवला नाही. म्हणाले, "पांढरी एकीकडे, काळी एकीकडे. झाल्याशिवाय शटर उघडत नाही." दोन दांडगे बाप्ये संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून बटणं निवडत होते. जाताना धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या बाहीत एक राहिलंय."

असा तो रस्ता होता.

*

वाहतूक कचेरीतून काढून टाकलेल्या एका ड्रायव्हरने भरदुपारी जाऊन तिथल्या साहेबावर गोळी झाडली. ती साहेबाच्या खांद्यात लागली. ड्रायव्हर पिस्तूल घेऊन रस्त्याला लागला. पाठोपाठ बंदूकवाले पोलीस आले, हेल्मेट, जाकिटं, सगळा सरंजाम. लाउडस्पीकरवरून हुकूम झाला, शटर खाली करा.

सगळ्या रस्त्याने शटर खाली केलं. कमरेइतकं.

कुणी विचार केला नाही. हाताला तेवढीच सवय होती.

ड्रायव्हर मावशीच्या शटरखालून आत आला. पन्नाशीचा, घामाने भिजलेला, स्वेटरची कोपरं विरलेली. ओली छत्री ठेवावी तसं त्याने पिस्तूल काउंटरवर ठेवलं, तिच्या बाजूला, आणि स्टुलावर बसला. मावशीने पाणी दिलं. स्टीलच्या पेल्यात.

"साहेब वाचले का हो?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

"वाचायला पाहिजेत," तो म्हणाला, जणू गोळी दुसऱ्याच कुणी झाडली होती. मग पेला परत द्यायला उठला.

बाहेर एक पोलीस गुडघे टेकून फटीतून आत बघत होता. शटरमुळे त्याला अर्धाच माणूस दिसला: पाय, स्वेटरची कड, आणि खाली सोडलेल्या हातात काहीतरी चकाकणारं.

*

एक गोळी सुटली आणि ड्रायव्हर तिथेच संपला. मग टाळ्या. मग पोलिसांच्या गाडीवर फुलं. समोरच्या बूटवाल्याने सगळ्या पथकाला सरबत पाजलं आणि पुढचे कित्येक दिवस तो छाती काढून चालला.

"मावशी, वाचलीस बघ. देवासारखे आले," तो म्हणाला.

"आले खरे."

"उद्या जबाब आहे ना तुझा? आतलं तूच एकटीने पाहिलंयस. सरळ सांगून टाक, पिस्तूल रोखून उभा होता म्हणून. त्या पोरांची नोकरी आहे, रस्त्याची अब्रू आहे."

निवृत्त शाळामास्तरीण लेस घ्यायला आल्या त्या निराळंच म्हणणं घेऊन. "गोळी पायावर मारता आली असती. तू सांग तसं."

"बाई, तुम्ही होतात का तिथे?"

"नसले म्हणून काय झालं? पेपर वाचते मी."

"मग बाई, पायावर मारायला पुढच्या वेळी तुम्हीच जा," बूटवाला दारातून म्हणाला. "नेम तुमचा चांगला. खडू फेकून मारायचात ना."

बाईंनी लेस तिथेच टाकली. रस्त्यातले लोक दोन्हीकडून मावशीच्या तोंडाकडे बघत होते. ती जे बोलेल त्यावर एका पोलिसाचा गळा कापला जाणार होता, नाहीतर मेलेल्याच्या माथी आणखी एक गुन्हा बसणार होता. ती नुसते दोरे गुंडाळत राहिली.

संध्याकाळी साध्या कपड्यांत एक तरुण आला. बटणांचं एक पान उचललं, उलटं केलं, परत ठेवलं.

"मी यायला नको होतं," तो म्हणाला.

आवाजावरून तिने ओळखलं. त्या दिवशी शटरखालून "हात वर" ओरडला होता तो हाच. आणि ओरडणं संपायच्या आत गोळी सुटली होती.

"जबाबात काय सांगायचं ते सांगायला नाही आलो. मला फक्त कळू द्या. हातात तेच होतं ना?"

टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे विचारलं नव्हतं. पेपर वाचणाऱ्यांनीही नाही. त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

"बस," ती म्हणाली. तो बसला नाही.

"पेला होता. पाण्याचा. मीच दिलेला."

तो काउंटर धरून उभा राहिला. तिने उरलेलंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय आधीचं खरं होत नव्हतं. "शटर वर असतं तर तुला अख्खा माणूस दिसला असता. पूर्ण खाली असतं तर तो आत आलाच नसता. उद्या हे दोन्ही सांगणार आहे मी. पेल्याचंही आणि शटरचंही."

"लोक तुमचं दुकान बंद पाडतील."

"बघू."

"सांगा," तो म्हणाला. मघाचं बटणांचं पान त्याने पुन्हा उचललं, सरळ करून ठेवलं. मग, "सांगा," पुन्हा.

*

बूटवाला तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. तरुणाची बदली झाली की नोकरी गेली, कुणी म्हणे हे, कुणी म्हणे ते. रस्त्यावर आता बटण दाबलं की उतरणारी शटरं आहेत, गुपचूप जमिनीला टेकणारी. मावशीला त्या जुन्या खडखडाटाची आठवण येते, अख्खा रस्ता एकदम वाकल्यासारखा व्हायचा त्याची. दोघा भावांतला धाकटा अधूनमधून येतो, काही विकत घेत नाही, बसतो.

गोळीबाराच्या दिवशी सकाळी तिने शटरला तेल घातलं होतं, आणि ते एका बोटाने जमिनीपर्यंत जात होतं; कमरेशी ते तिला हाताने अडवून धरावं लागलं होतं.