गुणाबाईंचा मूठधान्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गंजलो आहे, एका बाजूला चेपलो आहे. पण ज्या बाईंच्या हाताखाली राहिलो, त्यांची गोष्ट सांगताना मला अजून नवल वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळात दुधाची भुकटी घेऊन मी लातूरजवळच्या एका खेड्यात आलो. भुकटी संपली तसा मी उकिरड्यावरच जाणार होतो. पण चर्चमध्ये मुलांची रविवारची शाळा घेणाऱ्या गुणाबाईंनी मला उचललं, राखेनं घासलं, तोंडावर फडकं बांधलं आणि त्याला हात जाईल एवढं भोक पाडलं.

दर रविवारी प्रत्येक मुलानं घरून मूठभर ज्वारी आणायची आणि माझ्यात हात घालून सोडायची. बाई त्याच्या घुगऱ्या शिजवून सगळ्यांना सारख्या वाढायच्या. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या, आईबाप खडी फोडायला जात होते. कितीतरी मुठी माझ्यात उघडल्या त्या रिकाम्याच! छोट्या व्यंकटची तर उन्हाळाभर. फडक्यामुळे कुणाला दिसायचं नाही. ते मलाच ठाऊक असे, आणि मी गुपित राखतो याचा मला फार गर्व होता.

मुठी सोडताना बाई मुलांना घसा फुटेस्तोवर गायला लावायच्या. "वरडून म्हणा की रं! पार येशीपतूर ऐकू गेलं पायजे!" चर्चचे पाळकसाहेब कानांवर हात ठेवायचे. मला वाटे, बाईंना गाण्याचं वेडच आहे.

दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला, गावात पेढे वाटले, आणि त्याच महिन्यात मिशननं बाईंची बदली दूर इस्लापूरला केली. छोटा व्यंकट आता व्यंकटराव झाला होता, चर्चच्या तरुण संघाचा पुढारी. निरोपाच्या दिवशी तो म्हणाला, "आज गाणं न्हाई. एकेकानं गुमान यायचं, मूठ सोडायची. बाईला आपला दाणा न् दाणा ऐकू येऊ द्या."

प्रेमानंच म्हणाला तो. चर्च चिडीचूप झालं. पहिली मूठ पडली, माझा पत्रा खणखणला. दुसरी पडली, पुन्हा खणखणला. तिसरी होती दहा वर्षांची केवळा. तिची आई महिनाभर आजारी होती, घरात दाणा नव्हता. तिनं मूठ घट्ट मिटली होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फडकं मूठ झाकतं, पण माझा पत्रा चुगली करतो! इतकी वर्षं गुपित मी नव्हतं राखलं, त्या गाण्यानं राखलं होतं.

केवळानं हात आत घातला. तेवढ्यात गुणाबाई उठल्या आणि आपल्या चिरक्या आवाजात गाऊ लागल्या. सगळी मुलं ओरडून गाऊ लागली. त्या गलक्यात माझ्या पोटात एक रिकामी मूठ उघडली. कुणालाही कळलं नाही.

व्यंकटराव मात्र जागीच थिजला. बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाई, माजी मूठ... तुमाला ठावं व्हतं?"

"मला काई ठावं न्हाई," बाई म्हणाल्या. "तू गा."

तो गायला. रडत रडत, सगळ्यांत मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी बाई एसटीनं गेल्या. एवढं मोठं मन एवढ्याशा देहात कसं मावलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, गंज चढू देऊ नका. फडकं फाटलं तर नवं बांधा. पण कुणी माझ्यात मूठ सोडत असेल, तेव्हा कृपा करून गप्प बसू नका.