देलियाचा पाय टेकेपर्यंत

आल्माग्रोतल्या आमच्या क्लबात रविवारी दुपारी टँगो नाचणाऱ्यांची जी मिलोंगा भरते, तिथे चार गाण्यांची एक तांदा असते. आणि ज्या जोडीदाराबरोबर ती सुरू केली, त्याच्याबरोबरच ती संपवावी, असा अलिखित परंतु अभंग नियम आहे. बाईने मध्येच ‘ग्रासियास’ म्हटले, की ते आभार नसतात, तो निकाल असतो. सप्टेंबरातल्या एका रविवारी देलिया स्कार्पा हिने दुसरे गाणे संपताच माझे असे आभार मानले, आणि साऱ्या सभागृहाच्या देखत मी तिला तिच्या खुर्चीपर्यंत पोहोचवून परत आलो.

अपमान मी पचवला असता. पचेना ते कारण न कळणे. उभा जन्म मी मुलांना लॅटिन शिकवण्यात घालवला आहे. कारणावाचून कार्य मला मानवत नाही. शिवाय अवधी थोडा होता. देलिया घर विकून बाहिया ब्लांकाला मुलीकडे कायमची राहायला निघाली होती, आणि पुढचा रविवार हा तिचा क्लबातला शेवटचा. तिच्याबरोबर एक पुरी तांदा नाचावी, एवढीच माझी इच्छा होती. तिलाच जाऊन कारण विचारावे, तर आमच्यात त्याहून मोठा असभ्यपणा नाही.

म्हणून मी आतिलिओशी वाद घातला. आतिलिओ हा निवृत्त दंतवैद्य, माझा शेजारी, आणि असा नर्तक, की त्याच्या मिठीतून सुटलेल्या बायका क्षणभर डोळे उघडायला विसरतात. मी त्याला पटवून दिले की माझे पाऊल चुकले नव्हते, ताल सुटला नव्हता, कुणाला धक्का लागला नव्हता, तोंडात पुदिन्याची गोळीसुद्धा होती. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, की बाईच्या बाजूने मी आजवर किती नाचलो आहे.

मुळीच नाही, असे मी सांगितले. त्याच्या तरुणपणी पोरांना सरावाच्या खोलीत आधी पुरुषांच्याच मिठीत बाईची बाजू नाचावी लागे, आणि वडीलधाऱ्यांनी मान डोलावल्याखेरीज मिलोंगेत बाईसमोर उभे राहण्याची कुणाची प्राज्ञा नसे. मी पडलो उतारवयात शिकवणीला गेलेला. पहिल्याच दिवशी सूत्रे हाती घेतलेला.

“मग ये,” आतिलिओ म्हणाला. “आज तू बाई.”

स्वयंपाकघरातले टेबल भिंतीला सरकवण्यात आले. त्याची बायको रेने नळीने प्यायच्या येर्बाच्या चहाचा तुंबा घेऊन दारात उभी राहिली. “नवरी जरा जाड आहे,” ती म्हणाली, “पण खपेल.”

डोळे मिटून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तबकडी सुरू झाली, आणि मला तत्काळ वाटले, की कुणी मला गर्दीतून घाईने दाराबाहेर नेत आहे. प्रत्येक पाऊल अचूक होते. परंतु एक पाऊल माझ्या अंगात उतरते न उतरते, तोच पुढच्याची आज्ञा हजर.

“अरे, थांब ना,” मी म्हणालो. “माझा पाय अजून टेकला नाही.”

रेनेने नळी ओठांतून काढली. “ऐकलंस, आतिलिओ? स्वतःच्या तोंडानं बोलला.”

तेव्हा आतिलिओने सांगितले, की मघापासून तो माझी नक्कल करत होता. नक्कल अतिरंजित आहे, अशी मी हरकत घेतली आणि तिची कारणे देऊ लागलो.

“ओरासिओ,” रेने म्हणाली, “तुझ्याबरोबर नाचून खुर्चीवर बसले ना, की मला वाद हरल्यासारखं वाटतं. नाचतोस बरोबर. पण माझं वाक्य तूच पुरं करतोस.”

तोवर आतिलिओने मला पुन्हा मिठीत घेतले होते. आता तो स्वतःसारखा नाचत होता, आणि प्रथम काहीच घडले नाही. मग त्याची छाती किंचित पुढे झुकली, एखाद्याने दार उघडून बाजूला उभे राहावे तशी. मी मागे पाऊल टाकले. मुद्दाम, खोडसाळपणे, ते संथ टाकले. तो घाई न करता त्या संथपणातच थांबून राहिला, आणि माझा पाय जमिनीला लागल्यावरच त्याचा पाय निघाला. पुन्हा उशीर केला. पुन्हा तो तिथेच. नेणारा तोच होता, याविषयी मला शंका नव्हती. परंतु वेळ किती घ्यावा हे मी ठरवत होतो, आणि हे त्याला माझ्याआधी कसे कळत होते, हे कोडे मी आठवडाभर उराशी घेऊन फिरलो.

रविवारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कपाळाला कपाळ लागते म्हणून नाचताना चष्मा काढावा लागतो, आणि मी तो नेहमी माझ्या टेबलावरच काढून, समोरच्या बायकांच्या रांगेकडे पाहून नाचाचे आमंत्रण म्हणून अदमासाने मान हलवत आलो होतो. समोरून होकार आला की नाही, हे मला कधी नीट दिसलेच नव्हते. त्या दिवशी चष्मा तसाच ठेवला. देलियाची नजर माझ्यावरून पुढे गेली. मी मान हलवली नाही. नजर परत आली, थबकली. तेव्हा मी खूण केली, आणि तिने हनुवटी किंचित खाली घेतली.

चष्मा तिच्या टेबलावर ठेवून मी उभा राहिलो. इतर जोड्या निघाल्या. मला निघण्याची विलक्षण ऊर्मी आली, ती मी गिळली. देलियाचा श्वास संथ झाला, तिचा भार एका पायावर स्थिरावला, तेव्हा मी झुकलो. तिचा डावा पाय जमिनीवर येताना अल्पसा रेंगाळत होता, जणू आधी पाणी किती थंड आहे ते पाहत असावा. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तो टेकण्याआधीच मी नेहमी पुढे गेलेलो असे.

दुसरे गाणे संपले. आमचे हात सुटले, आणि मी निकालाची वाट पाहू लागलो. देलिया म्हणाली, बाहिया ब्लांकाजवळ समुद्र आहे म्हणतात, पण मुलीच्या खिडकीतून रेल्वेचे गोदाम दिसते. तिसरे गाणे सुरू होऊन बराच वेळ झाला, तरी गोदामाचे वर्णन संपले नव्हते. ते संपल्यावर तिने हात वर केला, माझ्या खांद्यावर ठेवण्यासाठी.

चौथ्या गाण्यानंतर मी तिला खुर्चीपर्यंत पोहोचवले. तिने माझा चष्मा उचलून हातात दिला.

“मागच्या रविवारी माझा गुडघा धरला होता,” ती म्हणाली. “म्हणून बसले. तुम्हाला तेव्हाच सांगणार होते.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही बोलत होतात.”

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्यापाशी निदान तीन प्रतिवाद तयार होते. परंतु तिचे बोलणे अजून संपले नव्हते, हे आता मला स्पष्ट दिसत होते.

“हे असं थांबायला कुणाकडे शिकलात?” तिने विचारले.

“दंतवैद्याकडे,” मी म्हणालो.