पुलाशेजारी उभी

"ही बघ, ही तूच!" काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि पलंगावर टाकून दिला. "छे. यातही तोंड दिसत नाही."

"दिसेल कसं? पूल केवढा, मी केवढी!" काकू हॉस्पिटलच्या पिशवीत टॉवेल भरत म्हणाल्या. "जेवून घ्या बघू आधी."

काका बसायला तयार नव्हते. सकाळपासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. माळ्यावरचे बिस्किटांचे जुने डबे काढून त्यांनी सगळे फोटो पलंगावर उपडे केले होते. तुझा चेहरा नीट दिसेल असा फोटो मुलीने मागितलाय, असं त्यांनी चहाच्या वेळीच सांगून टाकलं होतं. काकू मुलीशी नुकत्याच फोनवर बोलल्या होत्या. ती पहाटेच्या गाडीने पोचणार होती आणि तिने फोटोबिटो काही मागितला नव्हता. पण काकूंनी त्यांना शोधू दिलं. उद्या काकूंच्या हृदयाची झडप बदलायची होती. या वयात जोखीम असते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा काकांनी फक्त झडप कशाची बनवतात, किती वर्षं टिकते आणि तिची तपासणी कधी करायची, एवढंच विचारलं. जोखीम हा शब्द दोघांनीही घरी आणला नव्हता.

काकांचा जन्म पूल तपासण्यात गेला. खांबाला तडा गेलाय का, लोखंड गंजलंय का, पाण्याने पाया उघडा पडलाय का, हे बघायची त्यांची नोकरी. नोकरी ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेवढं शहाणपण कुठलं? सुट्टीला कुठेही जा, स्वारी आधी पुलाखाली. फोटोत पुलाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून खात्यातली माणसं शेजारी मोजपट्टी उभी करत. सुट्टीत पट्टी कुठून आणणार? बायको होती.

"हा कुठला?" काकांनी आणखी एक फोटो उचलला.

"लग्नानंतरचा पहिला प्रवास. सगळी नवीन जोडपी सूर्योदय बघायला टेकडीवर गेली आणि तुम्ही मला ओढ्यात उतरवलंत. नव्या चपला गेल्या माझ्या वाहून."

"दगडी कमान काय सुंदर होती पण!"

"होती ना. म्हणून तर माझं तोंड काळं आलंय. सावलीत उभी केलीत मला."

काका हसले नाहीत. उठून खिडकीपाशी गेले, पिशवीत डोकावले, औषधांची पाकिटं बाहेर काढून पुन्हा आत ठेवली. काकूंना त्यांची घालमेल बघवेना. दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल? मग त्यांनीच ढिगातून एक फोटो ओढला. परदेशातला कालवा, वर लोखंडी पूल आणि कोपऱ्यात छत्री घेतलेली बोटभर बाई.

"तो पोलीस आठवतो?" त्यांनी विचारलं.

गाईड बाकीच्यांना राजवाडा दाखवायला घेऊन गेला होता आणि हे दोघे पुलाखाली. काका गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पाण्यात. तेवढ्यात पोलीस आला.

"त्याला वाटलं, आपण काहीतरी घातपात करतोय," काका म्हणाले.

"आपण नाही, तुम्ही. मी बापडी खांबाशेजारी उभी होते."

"पण तू त्याला माझी नोकरी खुणांनी छान समजावलीस हं. लगेच सोडलं त्याने."

"नोकरी कसली? तुमच्याकडे बोट दाखवलं आणि कपाळाजवळ असं गोल फिरवलं."

"म्हणजे इतकी वर्षं मला थाप मारलीस?"

"जित्याची खोड..." काकू हसत म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. पुढचे शब्द आज घरात नको होते. काकांनाही ती म्हण अख्खी ठाऊक होती. ते पुन्हा फोटो उलटेपालटे करायला लागले.

राजवाडा राहिला तो राहिलाच. काकूंनी तेव्हा रुसून दोन घास कमी खाल्ले होते. पण आज डोळे मिटले की त्यांना कुठलाच राजवाडा आठवत नव्हता. आठवत होता तो एक डोळा मिटून, जिभेचं टोक दातात धरून पाण्यात वाकलेला हा माणूस. देश कुठलाही असो, नदी कुठलीही असो, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडणार, "हलू नकोस!"

शेवटचा डबा संपला. काकांच्या हातात एक मोठा फोटो राहिला होता. खांबाच्या माथ्यावरची गंजलेली लोखंडी पट्टी अगदी जवळून आली होती आणि कडेला काकूंचा एक कान आणि थोडे केस. ते पलंगावर बसले, सकाळपासून पहिल्यांदाच.

"एकही नाही गं," ते म्हणाले. "एवढं फिरलो आणि एकसुद्धा नाही."

काकूंनी पिशवीची चेन ओढून बंद केली.

"मग आत्ता काढा की. मुलीने एवढा मोबाईल दिलाय तो कशाला?"

काका मोबाईल घेऊन उभे राहिले. काकू दारापाशी गेल्या आणि चौकटीला लागून ताठ उभ्या राहिल्या. पाय जुळवलेले, हात सरळ खाली.

"तिथे कुठे?"

"मग? उंची कळायला नको?"

"दाराची उंची माहितेय मला. पुढे ये. अजून. अजून ये."

काकू इतक्या जवळ आल्या की काकांच्या शर्टाचं सैल झालेलं बटण त्यांना दिसलं. नजर मात्र सवयीने बाजूलाच वळली.

"माझ्याकडे बघ."

त्यांनी बघितलं. काकांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"हलतंय," काका म्हणाले.

"मी नाही हलत."

"तू नाही." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "हलू नकोस हं." आता ओरडायची गरज नव्हती.

"नाही हो. कुठे जातेय मी?"

काकांनी फोटो काढलाच नाही. मोबाईल खाली गेला आणि ते नुसते बघत राहिले.

"काढा ना."

"थांब. बघू दे जरा."

काकू थांबल्या. उभं राहायची त्यांना सवय होती.