लावणाऱ्याचा दोष

दंतवैद्यांच्या काचेच्या दारावरच्या ‘द’ची शेपटी तिसऱ्यांदा सुटली होती.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला टेकेल इतके जवळ जाऊन पाहिले आणि नखाने ती शेपटी हलकेच उचलली. व्हिनाइलचा निळा चिकट पापुद्रा मुकाट्याने वर आला. काचेवर गोंदाचा मागमूसही नव्हता. सगळा गोंद व्हिनाइलच्याच पाठीला होता.

“माल बिघडलाय,” बाबा म्हणाले.

डॉक्टर आत एकाच्या तोंडात आरसा घालून उभे होते. तिथूनच त्यांनी विचारले, “मी बसवलेला दात तिसऱ्यांदा पडला, तर लोक मला सोडतील का हो?”

बाबा एरवी हसले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त सांगितले की आठ दिवसांत अक्षरे नवीन लावून देतो, आणि या वेळी दुसऱ्या कंपनीच्या मालाची. मी शिडी धरून उभी होते; चमकून त्यांच्याकडे पाहिले.

बाबा बोर्ड बनवतात. चोवीस वर्षे त्यांनी एकाच कंपनीचे व्हिनाइल वापरले. कुणी स्वस्तातले मागितले तर त्याला ते पुढच्या गल्लीतल्या बोर्डवाल्याचा पत्ता स्वतःहून देत. तो बोर्डवाला म्हणे, यांचे लग्न कंपनीशीच लागले आहे. ते आईच्या कानावर गेले तेव्हा तिने विचारले होते, “मग मी कोण, सवत?”

त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी बाबांनी पहिली तक्रार केली, तेव्हा घरात कुणी आजारी पडावे तशी शांतता पसरली होती. कंपनीचे काका दुसऱ्याच दिवशी आले. काका म्हणजे सोळा वर्षे आम्हाला रोल आणून देणारे कंपनीचे प्रतिनिधी. त्यांनी रोलच्या पोटातला बॅच नंबर वाचला, बाबांना एक अक्षर लावून दाखवायला सांगितले, ते लावत असताना नुसते बघत राहिले. मग रोल उचलून खांद्यावर टाकला. “दोष आमचाच,” म्हणाले आणि नवा रोल देऊन गेले. महिन्याभराने तोही परत नेला. दोन्ही वेळा त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. याचेच बाबांना जास्त वाईट वाटले. कंपनी भांडली असती तर तिला अजून स्वतःच्या मालाची चाड आहे, असे तरी म्हणता आले असते.

दुसऱ्या कंपनीचा रोल आला. त्याची अक्षरे आधी एका शाळेच्या बोर्डावर लावली आणि चौथ्या दिवशी त्यांच्याही कडा उचलल्या. सगळ्यांनीच गोंदात पाणी घालायला सुरुवात केली आहे, असे बाबांनी जाहीर केले.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे दिवसभर चिकटपट्ट्या सोलून त्यांची पकड मोजतात. तेव्हा मला सुचले ते अगदी साधे होते. एकच काच घ्यायची, एकाच बाटलीतल्या स्पिरिटने पुसायची. दोन्ही कंपन्यांच्या मालाच्या सहा-सहा, अशा एकसारख्या बारा पट्ट्या कापायच्या. सहा बाबांनी लावायच्या, सहा मी, आणि त्याही उलटसुलट क्रमाने. काचेच्या मागे नुसते आकडे, आणि कुठली पट्टी कुणी लावली त्याची यादी माझ्या खिशात.

“परीक्षा कुणाची? मालाची का माझी?” बाबांनी विचारले.

“मालाची,” मी म्हणाले. तेव्हा मला खरेच तसे वाटत होते.

काच एक पूर्ण दिवस मागच्या अंगणात उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कुठल्याशा दुकानाचे माप घ्यायला गेले होते, तेव्हा मी ती तपासली. सहा पट्ट्या सुटल्या होत्या. तीन जुन्या कंपनीच्या, तीन नव्या. यादीशी ताडून पाहिले. सहाच्या सहा बाबांच्या. प्रत्येक पट्टीचे डावे टोक असे घट्ट बसले होते की नख शिरेना. सुटले होते ते उजवे टोक, जिथे दाबत नेणारा हात थांबतो तिथले. माझ्या सहांपैकी एकही हलली नव्हती. मी यादी उलटी तर धरली नाही ना, हे दोनदा पाहिले.

काकांना फोन केला. ते हळूहळू सांगू लागले. पहिल्या रोलचा तुकडा त्यांनी स्वतःच्या स्कूटरवर लावून पाहिला होता. तो अजून तसाच आहे. दोन्ही रोल त्यांच्या घरी कपाटामागे उभे आहेत. तक्रार त्यांनी वर कळवलीच नाही. काय कळवणार? बाबांचा हात सुरुवातीला नीट दाबतो आणि पुढे जाता जाता विझत जातो, हे त्यांनी समोर बसून पाहिले होते.

“मग सांगितलं का नाही, काका?”

“सोळा वर्षांत त्या माणसानं माझ्या मालाला नाव ठेवलं नाही गं,” ते म्हणाले. “दोनदा ठेवलं. ठेवू दे म्हटलं. तू आता त्याला आधी डॉक्टरकडे ने.”

फोन ठेवून मी अंगणात आले तर बाबा परतले होते आणि काचेसमोर उकिडवे बसले होते. यादी माझ्या खिशातच होती. त्यांनी ती मागितली नाही.

“ही माझी,” ते म्हणाले. “ही. आणि ही.” एकेका पट्टीवर बोट ठेवत सहाही दाखवल्या. एकही चुकली नाही. “स्वतःचं काम ओळखू येणार नाही होय?”

काचेच्या त्या बाजूला ऊन जास्त लागले असेल, असे काहीतरी मी बोलले. त्यांनी मला बोलू दिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, “लेटरहेड काढ. कंपनीला पत्र लिहायचंय.”

“कशाला, बाबा?”

“अगं, दोन तक्रारी गेल्यात माझ्या. तिथे कारखान्यात गोंद लावणारा कुणीतरी असेलच की. त्याला बोलणी बसली असतील. त्याची काय चूक?”

कंपनीच्या दप्तरात अशी तक्रारच नव्हती. मी हे सांगू शकले असते. पण मग काकांनी गप्प राहून काय केले, तेही सांगावे लागले असते. मी लेटरहेड काढले.

आपला माल निर्दोष असून दोन्ही तक्रारी मी मागे घेत आहे, इथपर्यंत बाबांनी सांगितले. पुढे मी ‘हाताळणीतील त्रुटीमुळे’ असे लिहिले. त्यांनी वाचून मान हलवली.

“हाताळणी म्हणजे कुणाची, ते कळायला नको? ‘लावणाऱ्याचा दोष’ असं लिही सरळ.” मग म्हणाले, “नाचता येईना आणि दोन महिने अंगण वाकडं म्हणत बसलो.”

मी लिहिले. पेन त्यांच्या हातात दिले. त्यांनी कागद सरळ केला, डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि सही केली. पहिले अक्षर चांगले टपोरे, ठसठशीत आले. दुसरे त्याहून लहान. मग ओळ आखडत, बारीक होत गेली आणि आडनावाचे शेवटचे अक्षर मुंगीएवढे उरले.

बाबा कागद हातभर लांब धरून सहीकडे पाहत राहिले, जसे रस्त्यापलीकडे जाऊन नवा बोर्ड पाहत.

“वाचता येतंय ना?” त्यांनी विचारले.

“येतंय, बाबा.”