आठव्या भागातला नावाडी

चिंग-याओ वसंतात स्कूटरच्या अपघातात गेला, आणि ज्या पुस्तकाची तो वर्षानुवर्षं वाट बघत होता त्याला उन्हाळ्यात बाहेर पडायला सवड झाली. धुक्यातल्या राज्यांच्या त्या कादंबरीमालिकेचा आठवा भाग. आधीचे सगळे भाग त्याने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने, सुइ-यूनने, मिळून वाचले होते. आधी तो, मग ती, आणि मग जेवताना कडाक्याचं भांडण. आई म्हणायची, घरात खरे प्रश्न नाहीत म्हणून हे खोट्या राजांवरून डोकी फोडतात.

आठवा भाग सुइ-यूनने एकटीने वाचला. दुकानदाराने विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, ठीक. पुस्तक सपक होतं की तिच्याच तोंडची चव गेली होती, हे तिला कळेना. दादा गेल्यापासून भात, गाणी, आईचं रडणं, सगळं तिला सारखंच लागत होतं. ती स्वतः रडलीच नव्हती. मावश्या तर तोंडावर म्हणाल्या, पोरगी दगडाची आहे. पुस्तक वाईट असेल तर प्रश्नच मिटला. पण ते चांगलं असेल आणि तरी आपल्याला काहीच होत नसेल, तर आपण कायमच्या अशाच राहणार की काय, या विचाराने मात्र ती मनातून घाबरली होती. निवाडा दादाच करू शकला असता.

म्हणून पितरांच्या महिन्यात, पौर्णिमेच्या दुपारी, च्याई शहरातल्या त्यांच्या घराच्या दारात टेबल मांडलं तेव्हा डुकराचं मटण आणि शेवयांशेजारी, पितरांना पोचाव्यात म्हणून जाळायच्या कागदी नोटांच्या चळतीवर तिने ते पुस्तक ठेवलं. उदबत्त्या निम्म्याहून खाली आल्यावर आईने पितरांचा कौल घ्यायचे लाकडाचे दोन ठोकळे ओंजळीत घेतले.

"जेवलास का रे बाळा?"

ठोकळे जमिनीवर पडले, एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो.

"पुस्तक पाठवू?"

पुन्हा हो.

"तूही विचार की काहीतरी," आई म्हणाली. "कधीची मख्खासारखी उभी आहेस."

सुइ-यूनने ठोकळे घेतले. "दादा, पुस्तक वाईट आहे ना?"

दोन्ही उताणे पडले. म्हणजे पितर नुसते हसले, उत्तर नाही.

"मग चांगलं आहे?"

पुन्हा दोन्ही उताणे. दादा पुन्हा नुसता हसला.

"अगं शहाणे, न वाचता कसं सांगेल तो?" आई वैतागली. "आधी पाठव तर!"

जाड पुस्तक तसंच टाकलं तर मधली पानं जळत नाहीत, आणि पलीकडे अर्धवटच पोचतं. म्हणून दोघी पत्र्याच्या पिंपाशी स्टूल घेऊन बसल्या आणि सुइ-यून एकेक पान फाडून आत सोडू लागली.

"एवढं असतं तरी काय यात?" आईने विचारलं.

"हे राजवाड्यातलं लग्न. संपता संपत नाही. नुसतं पाणी घातलंय." तिने ती पानं भराभर टाकली. "ही किल्ल्याची लढाई. ही जमली आहे. दादाला आवडेल." आवाज मात्र भाजीचे भाव सांगावेत तसा.

मग एका पानाशी तिचा हात थांबला.

"आता काय झालं?"

"नावाडी. दादाचा लाडका. पहिल्या भागापासून सगळ्यांना नदीपार नेतो. दादा पैजेवर सांगायचा, शेवटी हाच राजा होणार."

"मग?"

"मेला. बाजारातून परत येताना. दोन ओळींत."

"एवढंच?"

"एवढंच! आणि पुढच्या ओळीत सगळे जेवायला बसलेत!" सुइ-यूनचा आवाज चढला. समोरच्या घरातल्या आजी वाकून बघू लागल्या. "असं कोणी मरतं का, आई? ना निरोप, ना कोणाशी दोन शब्द! लेखकाची अक्कल काय चरायला गेली होती?"

संताप आला होता, चक्क संताप, आणि त्यातही तिला बरं वाटलं. म्हणजे पुस्तकच वाईट होतं.

आई पिंपातल्या जाळाकडे बघत होती.

"मरतं गं," ती म्हणाली. "सोयाचं दूध घेऊन येतो म्हणाला. माझं अंडं तव्यावर होतं. मी वळूनसुद्धा बघितलं नाही."

सुइ-यूनने त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. त्यांत एक शब्दही खोटा नव्हता. मग ती रडली, भर दुपारी, समोरच्या आजींच्या देखत, नाक वाहेपर्यंत, आधी नावाड्यासाठी आणि मग दादासाठी. आईने स्टूल जवळ ओढलं.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून सुइ-यूनने ते पान पिंपाकडे नेलं, तसा आईने तिचा हात धरला.

"एवढं एक पान नको पाठवूस त्याला," ती म्हणाली. "त्याला वाटू दे, नाव चालू आहे."