अर्धं होईपर्यंत आटवलेलं पाणी

आत्याचा उकळण्यावर भारी विश्वास. बाटल्या उकळायच्या, चमचे उकळायचे, बाळाची दुपटीसुद्धा उकळायची. तिचा भाऊ, म्हणजे दादा, म्हणायचा, "बाई गं, मी जरा लांबच बसतो, नाहीतर मलाही पातेल्यात घालशील!" त्यानं तिचं नावच उकळीबाई ठेवलं होतं. ठेवू दे बापडा! बाळंतपणानंतर वहिनीला तापानं धरलं, औषधं सुरू झाली, अंगावरचं दूध आटलं, तेव्हा चिंगीला सांभाळायला कोण धावलं? उकळीबाईच ना?

चिंगी म्हणजे दादाची लेक, अजून मानही न धरणारी. तिला पावडरीचं दूध, आणि त्यासाठी पाणी शेताच्या बांधालगतच्या विहिरीचं. पाणी इतकं नितळ, की तळ दिसावा. पण आत्या अशी कशावरही भरवसा ठेवणाऱ्यातली नव्हती. पातेलं शेगडीवर चढवलं की पाणी आटून अर्धं होईपर्यंत खाली उतरवायचं नाही. एवढं आटलं म्हणजे आतलं सगळं वाईट जळून जातं, असं तिचं गणित.

हेच गणित तिनं कुंपणापलीकडच्या शेजारणीलाही पढवलं होतं. शेजारीण पहिलटकरीण, तिचा बाळ्या चिंगीच्याच आगेमागे जन्मलेला, तोही बाटलीवर, आणि त्या घरालाही पाणी याच विहिरीचं. पोरगी गरीब स्वभावाची. आत्याचा शब्द खाली पडू द्यायची नाही.

त्या दिवशी सकाळी चिंगी रडलीच नाही. आत्याला आधी बरंच वाटलं. किती गुणाची पोर! मग बाटली तोंडाला लावली तर तिनं नुसतेच ओठ हलवले. ओठांभोवती निळसर झाक होती. गारठली असेल, म्हणून आत्यानं तिला टोपडं घातलं, दोन दुपट्यांत गुंडाळलं आणि ताजं पाणी नेहमीपेक्षाही जास्त आटवून पुन्हा दूध केलं. निम्मं कसंबसं पोटात गेलं. दुपारी दुपटं सोडून पाहते तर काय, बोटांची नखं शाईत बुडवल्यासारखी!

"दादाऽऽ! अरे धाव रे!"

दादा शेतात खत फेकत होता. तसाच पळत आला. हाताला पांढरे दाणे चिकटलेले, खिशातूनही तेच सांडत होते. लेकीचं तोंड पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली. वहिनी अंथरुणातून उठायला लागली, तिला तिथंच थोपवून दोघं गाडीत बसले. वाटभर आत्या चिंगीच्या नाकाशी बोट धरून होती. श्वास बोटाला लागतोय ना? लागतोय. आता? आत्ता लागला की! दादा गाडी चालवताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिंगीच्या टाचेला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला, तो लाल नव्हता. चॉकलेटी होता! आत्यानं भिंत धरली. माणसाचं रक्त असं असतं?

"बाळाला पाणी कुठलं देता?" डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवायच्या आत विचारलं.

"विहिरीचं. पण उकळून हं! चांगलं अर्धं होईपर्यंत उकळून," आत्या म्हणाली. एवढ्या भीतीतही तिला तेवढाच एक आधार वाटत होता.

डॉक्टरीणबाई बाळाला उचलून तडक आत गेल्या. दार लागलं. दादा बाकावर डोकं धरून बसला. आत्या बसेना. पोर गेली तर वहिनीला तोंड कसं दाखवायचं, याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. आतून रडण्याचा आवाज यावा म्हणून ती कान देऊन उभी होती, आणि आवाज काही येत नव्हता.

किती वेळ गेला देव जाणे. मग आतून एकदम टाहो फुटला. चांगला खणखणीत, दवाखाना डोक्यावर घेणारा टाहो! दादा ढसाढसा रडायला लागला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वेळेवर आणलंत. शिरेतून औषध दिलंय, रंग परत येतोय. आज इथंच ठेवू." मग दादाच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "हे खत किती टाकता?"

"दर वर्षी वाढवावंच लागतं," दादा डोळे पुसत म्हणाला. "नाहीतर पीकच उभं राहत नाही. माती विटेसारखी झालीय. नांगरताना पूर्वी गांडुळं निघायची, आता औषधालाही दिसत नाहीत."

"पीक आपल्यापुरतं घेतं. माती जिवंत असली, पालापाचोळा, शेणखत खाल्लेली असली, तर उरलेलं थोडंफार तरी धरून ठेवते. तुमची माती या खतानं आंबट झाली, तिच्यात धरायला काही राहिलंच नाही. पीक घटलं म्हणून तुम्ही आणखी टाकलंत, आणि ते पाण्याबरोबर खाली उतरून विहिरीत गेलं. तेच बाळाच्या रक्तात गेलं, म्हणून रक्ताला प्राणवायू वाहता येईना."

"अहो, पण मी उकळत होते!"

"उकळून जंतू मरतात, ताई. हे मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि हे सगळं मागं राहतं. जितकं आटवाल, तितकं कडक होत जातं."

आत्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. म्हणजे पोर जसजशी निळी पडत होती, तसतशी ती जास्त आटवत होती! आपल्या हातानं!

"मोठ्यांना लगेच काही होत नाही," डॉक्टरीणबाई समजावत होत्या. "जिवाला धोका तान्ह्या बाळांना."

तान्ह्या बाळांना. आत्या गर्रकन वळली.

"दादा! बाळ्या!"

शेजारणीला फोन लावला. वाजत राहिला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाळ झोपलं की फोनचा आवाज बंद ठेवायचा, हेही आत्यानंच तिला शिकवलेलं. चिंगीला डॉक्टरीणबाईंच्या हवाली करून दोघं परत सुटले. रस्ता काही संपेना. आत्या सारखी म्हणत होती, "काही नसेल रे, काही नसेल," आणि दादा गाडी आणखी पळवत होता.

कुंपणाशी गाडी थांबते न थांबते तोच आत्यानं उडी टाकली. शेजारणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफा येत होत्या. शेजारणीनं दारातच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना आत्या, झोपलाय. आज सकाळपासून रडलाच नाही बघा, इतका शहाणा झालाय! जरा गार लागत होता, म्हणून पाणी मी पार पावपट होईपर्यंत आटवलं. तुम्ही सांगता त्याहूनही जास्त."

आत्या तिला बाजूला सारून पाळण्याशी गेली. दुपटं ओढलं, बाळ्याची इवलीशी मूठ उघडली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"दादा!" ती ओरडली. "गाडी बंद करू नकोस!"