वाढ्याला घातलेला हात

आमच्या घरात गाडीची चावी खुंटीला असते आणि ती खुंटी थोरल्या दिरांच्या नजरेसमोर असते. एवढं सांगितलं की कुंडल गावातलं आमचं घर निम्मं सांगून झालं.

मी अंकिता. पलूसच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सकाळी लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येऊन बसतात, आणि त्या वेळेला आमच्याकडून सोयीची एसटी नाही. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. रोजचा उशीर, रोजची मॅडमची बोलणी. स्कूटी घेऊ म्हटलं तर दिरांनी, म्हणजे उदयसिंह भावजींनी, दारात एक मोटरसायकल असताना दुसरी गाडी कशाला म्हणून विषय मोडून टाकला. म्हटलं ठीक, मग दारातलीच शिकते.

आमचे हे, धैर्यशील, फौजेत आहेत, पठाणकोटला. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मला गावाबाहेरच्या माळावर गाडी शिकवली, ती अगदी पलटणीत शिकवतात तशी. चुकलं तर ओरडायचे आणि बरोबर आलं तरी ओरडायचे. खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. उसाच्या ट्रॉलीच्या बाजूला रेंगाळायचं नाही, मागं राहा नाहीतर पुढं जा. दुसऱ्यानं हात केला म्हणून ओव्हरटेक मारायचा नाही, आपल्या डोळ्याला रस्ता दिसला तरच. सगळं मला तोंडपाठ झालं होतं. पाठ असूनही माणूस माती खातो, ते पुढं येईलच.

भावजींनी एकच अट घातली. एकदा जरी पडली तरी चावी खुंटीला, परत गाडीला हात लावायचा नाही. ह्यांनी मान डोलावली आणि बॅग उचलून ड्यूटीवर गेले. इथं राहायचं मला होतं, पण मला विचारतंय कोण!

सासूबाईंनी आधी लय नावं ठेवली. त्यांचं नाव रंगूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. बाईमाणसानं मोटरसायकल चालवायची म्हणजे आता फक्त मिशा राहिल्या, असं शेजारणीला मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायच्या. आणि एका सुट्टीच्या दिवशी हळूच म्हणाल्या, मला तेवढं तासगावला सोडशील का? तासगावला त्यांची धाकटी बहीण. अंथरुणाला खिळलेली. इतक्या जवळ असून कित्येक वर्षं भेट नाही, कारण आत्यांना न्यायला घरात कुणाला सवड नव्हती. भावजींना शेत, ह्यांना फौज. एकटीनं एसटीनं जायची या घरात रीत नाही. त्या दिवशी दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. तिथून पुढं दर रविवारी तासगाव ठरलेलं. मिशांचा विषय परत निघाला नाही.

फक्त बसायच्या एकाच बाजूला पाय सोडून. नऊवारी नेसता, दोन्हीकडं पाय टाकून नीट बसा म्हणून मी शंभरदा सांगितलं. गाव काय म्हणंल, हे त्यांचं उत्तर. गावाला काय, ते पडल्यावरही म्हणतंच.

तर त्या रविवारी दुपार कलताना आम्ही तासगावहून परत येत होतो. कारखान्याचा सीझन जोरात. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, गाणी अशी लावलेली की कान फुटावेत. मी बराच वेळ शहाण्यासारखी मागं राहिले. ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढून जा, जा केलं. पुढं वळण होतं, मला काही दिसत नव्हतं. पण धूळ खाऊन जीव विटला होता. घातली गाडी.

मागची ट्रॉली ओलांडली, पुढच्या ट्रॉलीच्या बरोबरीला आले, आणि गाडी एकदम मागं डावीकडं ओढली गेली. मला वाटलं चाक गेलं. आरशात बघितलं तर आत्यांचा हात ट्रॉलीत!

आमच्याकडं हे शिकवावं लागत नाही. गावातनं ट्रॉली जाताना पोरंसोरं ऊस उपसतात आणि बायका वाढं ओढतात. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, म्हैस त्यावर तुटून पडते. आमच्या घराच्या कोपऱ्यावर ट्रॉली हळू झाली की आत्यांचा हात आपोआप जातो, जन्मभर गेलाय. एका बाजूला पाय सोडल्यामुळं त्यांचं तोंड ट्रॉलीकडं होतं आणि वाढं अगदी नाकासमोर लोंबत होतं. पण ते सुटं नव्हतं. मोळी बांधतात ती वाढ्यानंच, आणि आत्यांनी नेमकी ती गाठ धरली होती.

आणि वळणावरून समोर एसटी आली.

पुढं पळावं तर आत्या मागं गळून ट्रॉलीच्या चाकाखाली जातील. ब्रेक मारावा तर मागची ट्रॉली त्यांना फरफटत नेईल. उजवीकडं एसटी, डावीकडं ऊस. मी "सोडा, सोडा" करत होते, पण भ्यायलेल्या माणसाची मूठ उघडत नाही, जास्तच आवळते. मग एकच उरलं, ट्रॉलीच्याच वेगानं तिला चिकटून चालायचं. ज्या जागी थांबू नको म्हणून मला बजावलं होतं त्याच जागी मी अडकून बसले होते. उसाचे बुडखे माझ्या खांद्याला घासत होते. हेल्मेटमध्ये माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. वाटलं, संपलं. आई आठवली, फलटणचं माहेर आठवलं.

एसटीच्या ड्रायव्हरचं भलं होवो. त्यानं गाडी साईडपट्टीवर उतरवून जागेवर उभी केली. तिच्या पत्र्याला हँडल लागतंय की नाही, अशी मी मधनं निघाले. तेवढ्यात गाठ तुटली. गाडी उजवीकडं सुटली, साईडपट्टीच्या खडीवर गेली, आणि मी मूर्खासारखा पुढचाच ब्रेक दाबला. आडवे झालो. वेग नव्हता म्हणून वाचलो. माझं कोपर सोललं. आत्या खडीत बसल्या होत्या आणि वाढं हातातच होतं.

एसटीत गावातला सिद्धू होता. आम्ही घरी पोचायच्या आत त्याचा फोन भावजींना पोचला होता.

भावजी सोप्यात बसलेले. कसं पडला, एवढंच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "कुत्रं आडवं आलं. हिला सावरली न्हाई." माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण दिरासमोर सासूला खोटं पाडून त्याच घरात उद्या कशी राहणार? चावी खुंटीला गेली. ह्यांना फोन लावला तर म्हणे दादा म्हणतील तसं. भावजी मोठ्या मनानं बोलले की सवड असेल तवा मी सोडीन पलूसला. त्यांची सवड मला ठाऊक आहे. तीच आत्यांना इतकी वर्षं तासगावला नेत होती.

दिवेलागणीला चुलीपाशी बघितलं तर आत्या डाव्या हातानं स्वयंपाक करत होत्या, उजवा पदरात. ओढून बघितला. वाढ्याच्या पात्यांनी तळहात चिरलेला. मी धुऊन पट्टी बांधली. त्याच म्हणाल्या, "खरं सांगितलं तर उदय मला परत गाडीवर बसू द्यायचा न्हाई. माझी भन किती दिवसाची हाय गं?"

माझी नोकरी एकीकडं, त्यांची बहीण एकीकडं. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्यांना मनात चिक्कार शिव्या दिल्या, आणि प्रत्येक शिवीनंतर तासगावच्या त्या खोलीतल्या दोन म्हाताऱ्या दिसायच्या. चिडायचीसुद्धा सोय नाही. आणि चावी नसेल तर तशीही आत्यांना कोण नेणार होतं, हे त्यांच्या ध्यानात यायला सकाळ उजाडली की त्यांना आधीच कळलं होतं, मला सांगता येणार नाही.

सकाळी मी मॅडमना येत नाही म्हणून सांगायला फोन हातात घेतला होता. भावजी चहा पीत होते. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कुत्रं न्हवतं. म्या चालत्या गाडीवरनं वाढं वडलं. ही व्हती म्हणून मी जित्ती हाय."

भावजी आधी हसले, मग आईवर जाम चिडले. वयाचं भान नाही, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. वळण न बघता मी गाडी घातली, हे मीही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण त्यांचा निवाडा ठरला होता. नोकरीपुरती चावी माझ्याकडं. आई परत गाडीवर दिसली तर गाडीच विकून टाकायची. मी म्हणायला गेले की भावजी, दोन्हीकडं पाय टाकून, हेल्मेट घालून... त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. आत्यांनीच मला मागं सारलं आणि खुंटीवरची चावी काढून माझ्या हातात दिली.

गाडी बाहेर काढली. लॅबला उशीर होत होता. आत्या फाटकापर्यंत आल्या, माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तासगावला फोन कर बाई. म्हणावं, रंगूचा पाय दुखतोय, या रयवारी येत न्हाई."

"आणि पुढच्या?"

"पुढच्याबी दुखंल."

मागं भावजी सोप्याच्या पायरीवर उभे होते. चावी गाडीला लावलेली होती आणि मला ती परत खुंटीला जायला नको होती. मी बरं म्हणाले आणि निघाले.